नई सडक ते मालवण: भाड्याची गाडी घ्यायची तर आधी नंबरप्लेटचा रंग बघा

ग्वाल्हेरच्या लष्कर भागात, नई सडकेवर, माझी मावसबहीण राहते. तिच्या सासरची माणसं शिंदेशाहीत चाकरीला गेली ती तिकडचीच झाली. घरात मराठी, दुकानात हिंदी, आणि भांडण झालंच तर दोन्ही. मागच्या महिन्यात तिनं मला मोबाइलवर एक फोटो पाठवला. पांढरी सात सीटची गाडी, धुऊनपुसून चकचकीत. खाली लिहिलं होतं, "दादा, यांनी किरायाची गाडी जमवली. मडगाव स्टेशनवर आणून देणार, आठ दिवस, स्वतः चालवायची. टोकन पाठवायला सांगू का?"

बेत चांगला होता. सहा माणसं: बहीण, दाजी, दोन मुलं, धाकटा दीर आणि सासूबाई. सासूबाईंना सगळे माई म्हणतात. त्यांच्या माहेरचं मूळ आरवलीचं, पण पंचाहत्तरी आली तरी वेतोबाचं दर्शन झालेलं नाही. ते करायचं, मग किनाऱ्यानं मालवणला जाऊन मुलांना सिंधुदुर्ग किल्ला दाखवायचा, येताना सावंतवाडी. रेल्वेनं यायचं आणि पुढं गाडी भाड्यानं घ्यायची.

मी फोटोत गाडी बघितली नाही, नंबरप्लेट बघितली. पांढरी प्लेट, काळी अक्षरं. लगेच फोन लावला आणि दाजींना म्हटलं, "टोकन पाठवू नका, आधी ऐका."

जे त्यांना सांगितलं तेच इथं सविस्तर लिहितोय. कारण इंदूर, बडोदा, हैदराबाद, ग्वाल्हेर इथली आपली माणसं सुटीत कोकणात येतात तेव्हा ती तीन राज्यांच्या हद्दीत शिरतात, आणि भाड्याच्या गाडीचे बहुतेक घोटाळे हद्दीवरच उघडे पडतात.

ग्वाल्हेरची लेक, वाडीची राणी

त्याआधी थोडं विषयांतर. ग्वाल्हेरहून या किनाऱ्याला यायचं म्हणजे अनोळखी मुलखात यायचं असं दाजींना वाटत होतं. तसं नाही. सावंतवाडीचे तिसरे खेम सावंत यांनी १७५५ ते १८०३ असं जवळजवळ अर्धं शतक राज्य केलं. १७६३ साली त्यांचं लग्न जयाप्पा शिंद्यांच्या मुलीशी झालं. पुढं दिल्लीच्या बादशहाकडून त्यांना 'राजेबहादूर' हा किताब मिळाला तो या सोयरिकीच्या जोरावरच. कोल्हापूरकरांना ते खपलं नाही. त्यांनी वाडीवर चाल करून काही किल्ले घेतले, आणि ते परत मिळाले तेही शिंद्यांच्या वजनामुळे. म्हणजे आज ज्या मोती तलावाच्या काठी आपण भेळ खातो, त्या वाडीच्या राजकारणात ग्वाल्हेरचा हात होता.

माणसंही इकडून तिकडं गेली. महादजी शिंद्यांचे बक्षी जिवबादादा केरकर हे पेडणे भागातल्या केरीचे. १७९५ च्या खर्ड्याच्या लढाईत शिंद्यांच्या फौजेची धुरा त्यांच्याकडे होती. केरी गाव तेरेखोल नदीच्या तोंडाशी आहे, आणि दाजींची गाडी त्याच्याजवळूनच जाणार आहे.

कुठं उतरायचं

ग्वाल्हेरहून थेट दोन गाड्या सोयीच्या. एक गोवा एक्सप्रेस: निजामुद्दीनहून निघते, ग्वाल्हेर, झाशी, भोपाळ, मनमाड, पुणे, मिरज करत बेळगावला येते आणि लोंढ्यावरून घाट उतरून मडगाव, वास्को. दुसरी मंगला लक्षद्वीप एक्सप्रेस: ती कल्याण-पनवेलवरून कोकण रेल्वेनं रत्नागिरी करत मडगावला जाते. दोन्ही रोज असतात. आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं, चार महिन्यांचा हिशेब विसरा.

मी गोवा एक्सप्रेस सुचवली. ती ग्वाल्हेर संध्याकाळी सोडते आणि दोन रात्री काढून पहाटेच्या सुमाराला मडगावला पोचते. अख्खा दिवस हाताशी राहतो. मंगला मडगावला संध्याकाळकडे येते, म्हणजे अनोळखी गाडी, अनोळखी रस्ता आणि वर काळोख. कोकणातल्या रस्त्यावर पहिली दोन तासांची ड्रायव्हिंग रात्री करू नये, एवढं माझं ठाम मत आहे.

बेळगावात उतरायचा पर्याय आहेच. पण गोवा एक्सप्रेस बेळगावात रात्री येते, आणि स्वतः चालवायच्या भाड्याच्या गाड्या इथं गोव्याएवढ्या नाहीत. सिंधुदुर्गात तर त्याहून कमी. गोव्यात मात्र मडगाव, मोपा विमानतळ, म्हापसा सगळीकडं मिळतात. ज्यांचे बेळगाव, खानापूर, चंदगडला पाहुणे आहेत त्यांनी इथं उतरावं, एक दिवस राहावं आणि आंबोली घाटानं सावंतवाडीला उतरावं. अंतर सुमारे शंभर किलोमीटर, रस्ता देखणा. पाहुण्यांनी स्वतःची गाडी प्रेमानं वापरायला दिली तर तीही चालते. पैसे न घेता दिलेली गाडी कायद्यानं भाड्याची होत नाही. लायसन्स असलेला माणूस चालवत असेल, आरसी, विमा, पीयूसी जागेवर असेल, तर विम्याला अडचण नाही. पेट्रोल भरून द्या आणि ग्वाल्हेरची गजक न्या, तेवढं भाडं पुरे.

थंडीत येणाऱ्यांना एक सूचना. डिसेंबर-जानेवारीत दिल्ली-आग्रा-ग्वाल्हेर पट्ट्यात धुकं पडतं आणि गाड्या तासन्‌तास उशिरा धावतात. त्यामुळं भाड्याची गाडी ताब्यात घ्यायची वेळ रेल्वेच्या वेळापत्रकाला चिकटवून ठरवू नका. पाच-सहा तासांची सवलत करारातच लिहून घ्या. तसं नसेल तर "वेळेत आला नाहीत" म्हणून एक दिवसाचं भाडं कापलं जातं.

पांढरी, पिवळी आणि काळी

आता मुख्य गोष्ट. आपल्याकडं पेट्रोल-डिझेलच्या चारचाकी गाडीच्या नंबरप्लेटचे तीन रंग ओळखायचे.

पांढऱ्या प्लेटवर काळी अक्षरं म्हणजे खासगी गाडी. मालकानं स्वतःसाठी घेतलेली. पिवळ्या प्लेटवर काळी अक्षरं म्हणजे टॅक्सी, ड्रायव्हरसह भाड्यानं मिळणारी. काळ्या प्लेटवर पिवळी अक्षरं म्हणजे स्वतः चालवण्यासाठी भाड्यानं द्यायची परवानाधारक गाडी, जिला गोव्यात सगळे 'रेंट-अ-कॅब' म्हणतात. विजेवर चालणाऱ्या गाडीची प्लेट हिरवी असते. तिच्यात अक्षरं पांढरी असतील तर खासगी, पिवळी असतील तर व्यावसायिक.

म्हणजे तुम्ही ड्रायव्हरशिवाय गाडी घेताय तर प्लेट काळी हवी. पांढरी दिली तर ती गाडी भाड्यानं द्यायचा परवाना देणाऱ्याकडं नाही, मग तो कितीही गोड बोलो.

मग पांढऱ्या गाड्या एवढ्या का मिळतात? कारण कायदेशीर मार्ग लहान माणसाला महाग पडतो. मोटार वाहन कायद्याच्या ७५ व्या कलमाखाली केंद्रानं १९८९ साली 'रेंट-अ-कॅब' योजना आणली, तिच्यात परवान्यासाठी किमान ५० गाड्या असाव्यात अशी अट घातली. दोन गाड्या असलेला पोरगा ५० कुठून आणणार? शिवाय व्यावसायिक गाडीला कर वेगळा, विमा महाग, फिटनेसची तपासणी, परवान्याचं शुल्क. खासगी गाडी घेऊन हंगामात फिरवली तर यातलं काही नाही, म्हणून दरही कमी. दाजींना मिळालेला दर एवढा चांगला का होता, त्याचं उत्तर हेच.

त्या पोरावर माझा राग नाही. घरचं कर्ज फेडायला तो गाडी फिरवतो. पण धोका त्याच्या एकट्याचा नाही, अर्ध्याहून जास्त तुमचा आहे, आणि तो तुम्हाला कुणी सांगत नाही.

धोका पहिला, विम्याचा. खासगी गाडीच्या पॉलिसीत 'वापराच्या मर्यादा' म्हणून एक परिच्छेद असतो. त्यात स्पष्ट लिहिलेलं असतं की भाड्यानं किंवा मोबदला घेऊन केलेला वापर या विम्यात येत नाही. त्यामुळं घाटात गाडी कठड्याला घासली आणि दुरुस्तीचा दावा केला, तर कंपनी विचारते चालवणारा मालकाचा कोण. मध्य प्रदेशचं लायसन्स, गोव्याची गाडी, नातं काही नाही. दावा फेटाळायला एवढं पुरतं. मग मालक तुमच्याकडं बघतो, कारण तुमचं डिपॉझिट, कधी कधी तुमचं आधारकार्डही त्याच्या खिशात असतं.

आणि दुसऱ्या कुणाला लागलं तर? तिथं प्रकरण गंभीर होतं. जखमीला भरपाई मिळावी म्हणून कोर्ट पुष्कळदा विमा कंपनीला आधी पैसे भरायला लावतं, पण अटींचा भंग झाला असेल तर ते मालकाकडून वसूल करायची मुभाही देतं. चालवणारा तुम्ही असता, तेव्हा तुम्हीही त्या दाव्यात ओढले जाता. ग्वाल्हेरहून गोव्याला किंवा ओरोसला तारखांना यायचं, वर्षानुवर्षं.

आमच्या ओळखीतल्या एका कुटुंबाचं असं झालंय. दुचाकीवाल्याचा फक्त पाय मोडला होता, देवाची कृपा. पण गाडी पांढऱ्या प्लेटची निघाली. देणाऱ्यानं पोलिसांना सांगितलं, "मित्राला दिली होती, भाडं कसलं." भाड्याची पावती नव्हतीच. पैसे फोनवरून वेगळ्याच नावाच्या खात्यात गेले होते. सुटीचे पाच दिवस ठाण्यात आणि दवाखान्यात गेले, आणि जखमीच्या खर्चाचे पैसे त्यांनी तिथल्या तिथं खिशातून दिले.

धोका दुसरा, जप्तीचा. परवान्याशिवाय गाडी भाड्यानं वापरली तर मोटार वाहन कायद्याच्या १९२-अ कलमाखाली दहा हजारांपर्यंत दंड आहे आणि गाडी अडकवूनही ठेवता येते. गोव्यात अशा गाड्यांवर अधूनमधून मोहीम निघते. दंड मालकाला होईल, पण सामान आणि माईंना घेऊन रस्त्याच्या कडेला उभं तुम्हाला राहावं लागेल.

काळी प्लेट दिसली तरी तेवढ्यावर थांबू नका. तीन गोष्टी मागा.

पहिली, गाडीचा नंबर. तो सरकारच्या 'एम-परिवहन' ॲपवर टाका. वाहनाचा वर्ग 'मोटर कॅब' दिसला पाहिजे. 'मोटर कार' दिसलं तर प्लेट रंगवलेली आहे, विषय संपला. विम्याची आणि फिटनेसची मुदत तिथंच दिसते.

दुसरी, परवान्याची प्रत. १ एप्रिल २०२१ पासून पर्यटक वाहनांना ऑनलाइन अखिल भारतीय परवाना मिळतो, २०२३ मध्ये त्याचे नियम पुन्हा नव्यानं आले. त्याचं शुल्क एकदा भरलं की दर राज्याच्या सीमेवर वेगळा कर भरावा लागत नाही. ज्या गाडीकडं फक्त गोव्यापुरता परवाना असेल, ती गोव्यात कायदेशीर आणि बांद्याला पोचली की बेकायदा. आपला सगळा प्रवास बांद्याच्या अलीकडं-पलीकडं आहे, म्हणून हा कागद महत्त्वाचा.

तिसरी, करारात हद्द. पुष्कळ देणारे गाडी गोव्याबाहेर न्यायला मनाई करतात किंवा जादा पैसे घेतात, आणि गाडीत जीपीएस असतं. "मालवणपर्यंत चालेल हो" हे तोंडी उत्तर कामाचं नाही. "महाराष्ट्रात, सिंधुदुर्ग जिल्ह्यात नेण्यास परवानगी" असं लेखी घ्या, निदान मेसेजवर तरी. हद्दीबाहेर अपघात झाला तर तेच वाक्य तुमची बाजू सांभाळतं.

तुमचं मध्य प्रदेशचं लायसन्स देशभर चालतं, डिजिलॉकरमधलंही चालतं. मूळ कागद कुणाकडं ठेवायला देऊ नका. डिपॉझिट ऑनलाइन द्या, करारातल्या नावाच्याच खात्यावर. गाडी घेताना चारी बाजूंचा, टायरचा, काचेचा, आतल्या किलोमीटर आणि इंधनाच्या काट्याचा व्हिडिओ देणाऱ्यासमोर काढा. लाजू नका, तोही परत घेताना असंच करतो.

किलोमीटर नव्हे, खाड्या मोजा

दाजींनी नकाशावर बघितलं, मोपा ते मालवण शंभर किलोमीटरच्या आसपास. "दीड तास?" म्हणाले. आग्रा-झाशी हायवेवर असेल. इथं नुसतं चालवायचं म्हटलं तरी तीन-साडेतीन तास, आणि थांबत गेलात तर अख्खा दिवस.

कारण किनाऱ्याचा रस्ता समुद्राला समांतर सरळ जात नाही. तेरेखोल, मोचेमाड, कर्ली अशा खाड्या आडव्या येतात. रस्ता आत वळतो, पूल गाठतो, पुन्हा बाहेर येतो. समुद्र सतत दिसेल अशी अपेक्षाही ठेवू नका. माडांच्या आड मध्येच एकदा चमकतो आणि पुन्हा काजूच्या बागा सुरू होतात. रस्ते पुष्कळ ठिकाणी दीड गाडीचे, दोन्ही बाजूंना जांभ्याचे गडगे, वळणावर अचानक एसटी. एसटीला आधी जाऊ द्यायचं, हा इथला अलिखित नियम.

मडगावला उतरून गाडी घेतली तर मोप्यापर्यंतचे साठेक किलोमीटर हायवेनं उरका. तिथून खरा प्रवास सुरू. पेडण्याहून किरणपाणीचा पूल ओलांडला की आरोंदा, म्हणजे महाराष्ट्र. नकाशा तुम्हाला केरीहून तेरेखोलच्या फेरीबोटीचा रस्ताही दाखवेल. बोटीत गाडी चढते, मुलांना गंमत वाटते. पण भरती-ओहोटी आणि रांग यांचा नेम नाही, म्हणून माई बरोबर असताना पूलच बरा.

पण तेरेखोलचा किल्ला बघायला जरूर वळा, कारण सीमेवरच्या माणसाला तो जास्त कळतो. नदीच्या उत्तर काठावरचा हा तुकडा गोव्याचा आहे आणि जमिनीच्या बाजूनं त्याला महाराष्ट्र आहे. किल्ला मूळचा सावंतांचा, १७४६ मध्ये पोर्तुगीजांनी घेतला. १५ ऑगस्ट १९५४ ला सत्याग्रहींनी इथं तिरंगा लावला होता. आत एक लहानसं चर्च आहे. आरोंद्याहून महाराष्ट्रात आलात की रेडीवरून तेरेखोलला जाता येतं, म्हणजे किल्ल्यासाठी पुन्हा पाच मिनिटं गोवा. मोबाइल तेवढ्यात "गोव्यात स्वागत" असा मेसेज पाठवतो.

रेडीला १९७६ साली खाणीच्या भागात सापडलेली दोन हातांची गणेशमूर्ती आहे, आणि यशवंतगड. पुढं शिरोडा. १९३० च्या मे महिन्यातल्या मिठाच्या सत्याग्रहामुळं हे नाव देशभर गेलं. वि. स. खांडेकर इथल्या शाळेत १९२० पासून १९३८ पर्यंत शिक्षक होते. ग्वाल्हेरच्या मराठी घरांत 'ययाति' असतोच, तेव्हा मुलांना हे सांगायला हरकत नाही. शिरोड्याला लागूनच आरवली आणि वेतोबा. इथं नवस फेडायला केळ्यांचा घड आणि चामड्याच्या मोठ्या चपला वाहतात. देव रात्री गावात फिरतो आणि चपला झिजतात, ही श्रद्धा. माईंसाठी इथं दोन तास ठेवा, घाई करू नका. सगळा बेत मुळात या दोन तासांसाठी आहे.

आरवलीहून मोचेमाडमार्गे वेंगुर्ला. सतराव्या शतकात डचांनी इथं वखार घातली, तिचे अवशेष आजही आहेत. दुपारचं जेवण इथं करा आणि पेट्रोल इथंच भरा, पुढं मालवणपर्यंत पंपांची खात्री नाही. मग म्हापण, परुळे, चिपी आणि कर्ली खाडीवरचा पूल. अंधार पडायच्या आत मालवणात.

दुसऱ्या दिवशी किल्ला. सिंधुदुर्गाचं काम २५ नोव्हेंबर १६६४ ला सुरू झालं आणि १६६७ मध्ये पुरं झालं. कुरटे बेटावर, सुमारे ४८ एकरांत. राजाराम महाराजांनी बांधलेलं शिवराजेश्वराचं मंदिर आत आहे, आणि चारी बाजूंना खारं पाणी असताना गोड्या पाण्याच्या दूधबाव, दहीबाव, साखरबाव या विहिरी. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोनं मराठ्यांचे जे बारा किल्ले जागतिक वारशात घेतले, त्यात हा आहे. नई सडकेवरच्या मुलांनी डोंगरावरचा अजस्र किल्ला रोज बघितलेला असतो. पाण्यातला किल्ला हे प्रकरण त्यांना वेगळं वाटेल. जेट्टीवरून होडी जाते, किल्ल्यावर साधारण तासभर देतात. होडीत चढ-उतर करताना माईंना दोन माणसांचा हात लागेल. त्यांना जमणार नसेल तर जेट्टीवर सावलीत बसवा, किल्ला तिथूनही पुरा दिसतो.

गाडी वाळूत घालू नका. तारकर्लीला ओली वाळू घट्ट दिसते, पाच मिनिटांत चाक रुततं आणि भरतीला कुणाची वाट बघायची नसते. गोव्यात तर किनाऱ्यावर गाडी घालणं गुन्हाच आहे. भाड्याच्या गाडीला खारं पाणी लागलं की परत देताना खाली वाकून बघणारा माणूस डिपॉझिट सोडत नाही.

परतीचा रस्ता मालवण, कुडाळ, सावंतवाडी. पन्नासेक किलोमीटर, रस्ता मोठा. वाडीत राजवाडा बघा, गंजिफा आणि चितार आळीतली लाकडी खेळणी घ्या. मग बांद्याहून हायवेनं पत्रादेवी, जिथं १५ ऑगस्ट १९५५ च्या गोवा सत्याग्रहातल्या हुतात्म्यांचं स्मारक आहे, आणि पुढं मोपा किंवा मडगाव.

एक अवघड मुद्दा. धाकट्या दिरांनी हळूच विचारलं होतं, गोव्यातून एक-दोन बाटल्या घेऊन मालवणला गेलं तर? परवाना घेतल्याशिवाय नाही. गोव्यातून महाराष्ट्रात दारू आणताना उत्पादन शुल्कची तपासणी कुठंही होऊ शकते, आणि विनापरवाना माल सापडला तर मालाबरोबर गाडीही जप्त होते. स्वतःची गाडी असली तर निदान नुकसान आपलं. भाड्याची गाडी अडकली तर ती सुटेपर्यंतचं रोजचं भाडं देणारा तुमच्याकडून मागतो. बाटलीची किंमत तेवढी नसते.

कधी यायचं

पावसाळ्यात हा बेत नको. सिंधुदुर्गाची होडी बंद असते, आंबोलीत धुकं आणि दरडी, आणि कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक लागलं की गाड्या मुद्दाम सावकाश चालवतात. मे महिन्यात आंबा, फणस, करवंदं असतात, पण उकाडा ग्वाल्हेरच्या लूपेक्षा वेगळा आणि म्हाताऱ्या माणसाला जास्त थकवणारा. नाताळ ते नववर्ष तर गोव्यात काळ्या प्लेटच्या गाड्या आधीच संपतात. उरतात त्या पांढऱ्या, आणि दर दुप्पट. फसगत याच आठवड्यात जास्त होते.

दिवाळीनंतरचा नोव्हेंबर उत्तम, किंवा जानेवारीचा शेवट. फेब्रुवारीत येणार असाल तर आंगणेवाडीच्या भराडी देवीच्या जत्रेची तारीख विचारून घ्या. ती ठरावीक तिथीला नसते, दरवर्षी कौल घेऊन ठरते, आणि त्या दोन दिवसांत मालवण तालुक्यात खोलीही मिळत नाही आणि रस्ताही.

दाजींनी टोकन पाठवलं नाही. देणाऱ्याला त्यांनी परवान्याची प्रत मागितली, तेव्हा "बाद में भेजता हूँ" म्हणाला आणि नंतर फोन उचलला नाही. आता काळ्या प्लेटची गाडी ठरलीय, रोजचा दर थोडा जास्त, सिंधुदुर्गात न्यायची परवानगी मेसेजवर घेतलीय. नोव्हेंबरची तिकिटं काढायची आहेत.

काल माईंचा स्वतःचा फोन आला. वेतोबाच्या चपला ग्वाल्हेरहून करून आणायच्या का, असं विचारत होत्या. म्हटलं, नको माई, मापाच्या तिथंच मिळतात, आणि केळ्यांचा घड शिरोड्याच्या बाजारात. तुम्ही फक्त गरम शाल आणा, गोवा एक्सप्रेसच्या एसी डब्यात दोन रात्री काढायच्या आहेत.